टेकू

"पुरे. पुढची!"

काळोख्या प्रेक्षागृहातून आलेला तो आवाज ऐकून तीस वर्षं झाली, तरी बाईंच्या कानातून तो काही निघाला नव्हता. तेव्हा बाई बाविशीच्या होत्या. अडीच वाक्यं बोलून झाली होती. आवाजाला चेहरा नव्हता. नुसता एक हात यावा तसा तो आला आणि त्यांना उचलून स्टेजखाली ठेवून गेला. पुढे त्यांनी पदव्या घेतल्या, विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकवायला लागल्या, विभागप्रमुख झाल्या. दिव्याखाली मात्र पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत.

विभागाच्या बोळात दोन्ही भिंतींवर फोटो होते, इथून कामाला लागलेल्या मुलामुलींचे. एका भिंतीवर आधीच्या वीस वर्षांतले नऊ, समोरच्या भिंतीवर गेल्या दोन वर्षांतले अकरा. ही समोरची भिंत कुणामुळे भरली ते बाईंना ठाऊक होतं, पोरांना ठाऊक होतं. जिच्यामुळे भरली तिला तेवढं ठाऊक नव्हतं.

तिला सगळे टेकू म्हणत. छपराला लावतात तो टेकू. नाटक कंपन्या पोरं निवडायला येतात, त्या निवडीच्या दिवशी प्रत्येकाला एक प्रवेश करून दाखवावा लागतो, आणि प्रवेशात समोर कुणीतरी लागतं. ज्याच्याशी भांडायचं, ज्याच्यापुढे रडायचं असं कुणीतरी. ते समोरचं माणूस म्हणजे ही. ती ऐकायची. अशी ऐकायची, की बोलणारा खरा वाटायला लागायचा. तिच्यासमोर दगड उभा केला असता, तर दगडालाही कुणी काम देऊन गेलं असतं.

"टेकू, उद्या माझी आई हो."

"टेकू, माझी मेलेली बायको हो ना गं. नुसतं पडून राहायचंय."

"घे हिलाच. हिच्यासारखं मरायला अख्ख्या वर्गात कुणाला जमत नाही!"

टेकूही हसायची आणि मरायची. मधूनच विचारायची, "बाई, माझा नंबर कधी?"

"पिकू दे अजून," बाई म्हणायच्या. "हिरवं तोडलं तर दात आंबतात."

पण ती पहिल्याच वर्षी पिकली होती. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या फिरत्या कंपनीचे दिग्दर्शक निवडीला आले होते. एका देखण्या पोराचं नाव लिहून घेतलं, आणि मग बाईंच्या खोलीत चहा पिताना म्हणाले, "ती समोर उभी होती ती मुलगी मला हवीय. खरं तर त्या पोराच्या आधी हवीय."

बाईंनी कपात साखर घातली. ढवळली. "ती नाही येणार हो. घरी आई अंथरुणाला खिळलेली. फिरतीचं काम तिला कसं झेपणार?"

पाठांतर असावं इतकं ते खोटं सहज आलं. का बोललो, याला ओठांवर कारण होतं: ही गेली तर पुढच्या पोरांचं कसं व्हायचं? पोटातलं कारण निराळं होतं. ज्या आवाजानं आपल्याला खाली उतरवलं, तसाच एक आवाज हिला न मागता वर बोलावत होता. ते काही केल्या गिळलं जात नव्हतं.

आता टेकूचं तिसरं वर्ष, म्हणजे शेवटचं. ती कंपनी विद्यापीठात शिकत असलेलीच पोरं उचलायची. आज नाही तर कधीच नाही. आणि आज तेच दिग्दर्शक पुन्हा येणार होते.

बाईंनी फळ्यावर क्रम लिहिला. सतरा नावं. पहिल्या सोळांच्या शेजारी 'सोबत टेकू'. सतरावी टेकू.

"मी शेवटी का, बाई?"

"शेवटचं लक्षात राहतं."

आधी घातली असती तर बाकीच्यांसाठी ती दमली असती, हे काही फळ्यावर लिहिलं नाही.

सकाळीच टेकूची आई आली, दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत चढत. शिवणकाम करणारी बाई ती, गळ्यात टेप तशीच राहिलेली. "बाई, तुम्ही होतात म्हणून पोरीचं सोनं झालं. घरात नुसती आरशापुढे. विचारते, आई, माझं नाक वाईट आहे का गं? म्हटलं, तुझ्या बापाचं आहे, आता परत कुणाला करू?"

"पालकांना आत सोडत नाहीत," बाई म्हणाल्या. "खाली कँटीनमध्ये बसा. निकाल लागला की तीच येईल सांगायला."

"बसते की. दिवसभर बसते," म्हणत ती आल्या वेगानं खाली गेली.

थोड्या वेळानं दिग्दर्शक आले. दारातच टेकू दिसली. ते थांबले. "आई कशी आहे गं आता?"

"छान आहे सर. आलीय ना, खाली आहे."

"अरे वा! हिंडायला-फिरायला लागली म्हणायची." त्यांनी वहीत काही टिपलं. "मग या वेळी तुला नीट बघतो."

बाईंची पाचावर धारण बसली होती. टेकूला मात्र तेवढ्या एका वाक्यानं पंख फुटले. ती पंख घेऊनच दुसऱ्यांसाठी उभी राहिली. दुपारपर्यंत ती पाच जणांची आई झाली, चार वेळा मेली, तीनदा तिला सोडून नवरा गेला. एकानं खऱ्याखुऱ्या आवेशात थोबाडीत दिली, तो गाल सुजला. यंदाच्या वर्गातल्या सगळ्यांत देखण्या पोराला 'राजबिंडा' म्हणत. त्यानं तिच्या खांद्यावर डोकं ठेवून असा हंबरडा फोडला, की तिथल्या तिथं त्याची निवड झाली. टेकूचा आवाज तोवर फाटला होता, जुनं कापड फाटावं तसा.

"सतरावी," बाईंनी पुकारलं.

टेकूच्या प्रवेशात दोन बहिणी होत्या. तुरुंगातून सुटलेली धाकटी थोरलीला विचारायला येते: माझ्याविरुद्ध साक्ष का दिलीस? थोरलीला चारच वाक्यं, आणि ती करणारी मुलगी जाग्यावर नव्हती.

"कुठं उलथली?"

"सगळे राजबिंड्याला खांद्यावर घेऊन बाहेर गेलेत, बाई," टेकू खोल गेलेल्या आवाजात म्हणाली. "येतीलच."

सोळांतला एकही आत नव्हता. दिग्दर्शकांनी घड्याळ पाहिलं.

"मी उभी राहते," बाई म्हणाल्या. "चार तर वाक्यं."

तीन पायऱ्या चढून त्या वर गेल्या. दिव्याची ऊब गालाला लागली. कितीतरी वर्षांनी माहेरचं अंगण पायाला लागावं तशी ती ऊब. समोरच्यानं प्रेक्षकांकडे पाठ ठेवून उभं राहायचं, हा धडा बाईंनी हजारदा शिकवला होता. पहिलं वाक्य त्या तशाच बोलल्या. दुसऱ्या वाक्याला उजेडाकडे, प्रेक्षकांकडे वळल्या.

आणि टेकूनं तेच केलं जे ती तीन वर्षं करत आली होती. समोरच्याचे डोळे भरलेले दिसले, तशी ती आपसूक एक पाऊल मागे सरली, स्वतःचं तोंड उजेडातून काढून घेतलं आणि ऐकू लागली. प्रवेश तिचा, प्रश्न तिचे, तुरुंगही तिचाच. पण थोरलीच्या गप्प राहण्याला उठाव यावा एवढ्यासाठीच जणू ती विचारत होती. त्या ऐकण्यात बाईंचं तीस वर्षांचं कोरडं पात्र भरून वाहायला लागलं. बाईंना कळत होतं. पुन्हा प्रेक्षकांकडे पाठ करायला अर्धं पाऊल वळलं असतं तरी पुरे होतं. त्या वळल्या नाहीत.

काळोखातून "पुरे" आलं नाही. शेवटचा शब्द झाला. मग टाळी आली.

"बाई, तुम्ही स्टेज सोडलंत कशासाठी?" दिग्दर्शक पुढे येत म्हणाले. मग टेकूकडे वळले. "तू आधार फार छान देतेस. पण स्वतः उभी राहत नाहीस गं. मागे माझीच नजर चुकली असेल." आणि तिच्या देखत त्यांनी वहीतल्या एका ओळीवर रेघ मारली.

ते गेल्यावर मेकअपच्या खोलीत टेकूनं आधी बाईंचे हात धरले. "बाई, काय केलंत तुम्ही! माझ्या अंगावर काटा आला." ती मनापासून बोलत होती, हेच वाईट होतं.

"विभागातच राहा," बाई म्हणाल्या. "नव्या पोरांसमोर उभं राहायला कुणीतरी लागतंच. तासावर मानधन मिळेल."

"राहीन की." टेकूनं सुजलेल्या गालावर ओला रुमाल धरला. मग म्हणाली, "फक्त एक सांगा. खाली आई बसलीय, तिला जाऊन काय सांगू? माझ्यात कमी काय होतं, बाई? तीन वर्षं एकेक खोट शोधून काढली. नाक, उंची, आवाज, चालणं. आणखी काय राहिलं? नव्या मुलांत तरी ते राहू द्यायचं नाही मला."

बाईंकडे उत्तरं होती. नशीब, दिवस, फाटलेला आवाज. कुठलंही उचललं असतं तरी चाललं असतं, पोरीनं ते खरं मानलं असतं आणि घरी नेऊन आरशासमोर ठेवलं असतं.

"दोन वर्षांपूर्वी त्यांनी तुलाच मागितलं होतं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या आधी. मी सांगितलं, तुझी आई अंथरुणाला खिळलीय, तू यायची नाहीस. आणि आज मला प्रेक्षकांकडे पाठ ठेवून उभं राहता येत होतं, मी राहिले नाही. तुझ्यात काहीच कमी नव्हतं गं. तेच मला बघवलं नाही."