समुद्र हटल्याची रेघ

"या, बाळंतीणबाई," माझे वरिष्ठ अविनाश सर म्हणाले. हे त्यांचं स्वागत. रजा संपवून मी खडकांचे नमुने ठेवतात त्या इच्छापोरच्या गोदामात परतले, तो पहिलाच दिवस.

बोअरमधून काढलेले चुनखडकाचे दंडगोल तुकडे ट्रेमध्ये क्रमानं मांडलेले. तळाला जुने, वरती नवे. ते वाचून समुद्र कधी आत आला, कधी मागे हटला, हे आम्ही ठरवतो आणि थरांच्या उभ्या नकाशावर तशी रेघ मारतो. रजेआधी मी एक मारली होती: इथे समुद्र हटला, किनारा उघडा पडला, त्यावर झुडपं उगवली. पुरावा म्हणजे उघड्या जमिनीवर धरतं तसं एक तपकिरी कवच आणि त्यातल्या मुळांच्या खुणा. सरांनी ती रेघ खोडली होती. चार वाजता कंपनीची माणसं येणार होती. रेघ चुकीची ठरली तर मला या कामावरून काढणार, हे सरांनी दारातच सांगितलं.

"बघा तुमची मुळं. वर जाताना बारीक होतायत. तुमच्या खानदेशात मुळं आभाळाकडे वाढतात का? समुद्रतळातल्या किड्यांची बिळं आहेत ही. समुद्र इथून हललेलाच नाही."

मी वाकून पाहिलं. खरंच, खाली जाड, वर बारीक. लेकीच्या टाळूवरून फिरवते तसा हलकेच तुकड्यावरून हात फिरवला. तुटलेली कड शेजारच्या तुकड्याशी जुळतच नव्हती.

"सर, हा कुणी बाहेर काढला होता?"

"मी. फोटोसाठी. का?"

"उलटा ठेवलाय."

"मला शिकवू नका. जागरणं झेपत नसतील तर घरी बसा."

मी तुकडा उचलून फिरवला. दोन्ही टोकं शेजारच्या तुकड्यांत चपखल बसली. मुळं आता खाली निमुळती होत होती. कवचाखाली किनाऱ्याची शिंपल्यांची वाळू, वर पुन्हा समुद्राचा गाळ.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बरं. रेघ राहू दे. पण कंपनीसमोर मांडणार मी. तुम्ही निघा, पोर रडत असेल."

"माझी रेघ मीच सांगणार."

"आणि पोर?"

मी डिंडोलीला घरी सासूबाईंना फोन लावला. "आई, बाळाला घेऊन रिक्षा करून इकडे या."

"एवढ्या लांब? डोकं फिरलंय का तुझं?"

"हो. दुपटं आणा."

"हे पाळणाघर नाही," सर म्हणाले.

"आईंना बसायला खुर्ची आहे ना," म्हटलं, आणि पेन्सिलीला टोक काढून रेघ पुन्हा ओढायला बसले.