पोट परत मिळालेले क्रियापद

मी एक जुने क्रियापद आहे, बायबलच्या ग्रीक भाषेतले. माझे नाव स्प्लांख्निझोमाइ. हसू नका मित्रांनो, भल्याभल्यांची जीभ माझ्यापाशी अडखळते!

'आतडी' या अर्थाच्या शब्दापासून माझा जन्म झाला. दुसऱ्याचे हाल पाहून पोटात जे कालवते, ते मी. मला कोणी ठरवून करत नाही; मी आपले आतून होते. येशूच्या गोष्टींत मी मोजक्याच ठिकाणी येते, पण थाटात येते. घर सोडून गेलेला मुलगा परत येताना लांबून दिसतो, बापाच्या पोटात मी उठते आणि म्हातारा धावत सुटतो. काय रुबाब होता माझा!

पुढे कित्येक भाषांतरांत मला नुसते 'दया' म्हणू लागले. दया गुणी आहे हो, पण तिला पोट नाही. मी हिरमुसले.

मग एका लहानशा कार्यालयात मुलांसाठी नवे भाषांतर सुरू झाले. भाषांतर करणाऱ्या बाईंनी त्या बापाबद्दल लिहिले, 'त्याच्या पोटात तुटले.' मी टुणकन उडीच मारली! पण मुद्रिते तपासणाऱ्या काकांनी नाक मुरडले.

"बाई, धर्मग्रंथात पोट? उद्या ढेकरही घालाल! 'दया आली' करा."

"काका, दया परक्याची येते. हा पोटचा पोरगा आहे."

"पोटचा असला तरी पोट झाकून ठेवा."

पाने दुपारी छपाईला जायची होती. काकांचे लाल पेन माझ्यावर टेकले. आता माझे काही खरे नव्हते.

तेवढ्यात दारात काकांची लेक दिसली. वसतिगृहात आजारी पडून, घरी न कळवता आलेली. गाल बसलेले, खांद्यावर जड पिशवी. काका उठले ते धावलेच. एक चप्पल पायात, दुसरी टेबलाखाली.

"अगं, काय ही दशा! पोटात तुटलं गं माझ्या तुला बघून!"

बाईंना हसू आवरेना. "काका, 'दया आली' म्हणायचं होतं ना?"

लेकीला काही कळेना. काकांनी तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली, डोळे पुसले आणि पेनाला टोपण लावले.

"राहू द्या पोट," ते म्हणाले. "बापाला असतंच."

तेव्हापासून मी त्या पुस्तकात ऐटीत राहते. मित्रांनो, मला जपायचे असेल तर माझे नाव पाठ करत बसू नका. कोणाला पाहून पोटात तुटले, की लगेच उठा. दुसरी चप्पल नंतर शोधता येते.