वाटीतली मुंगी

"मेली! मेली गो बाय, मेली!"

गोदूबाई एवढ्यानं ओरडली की अंगण सारवणारी ठकूबाई शेणाचे हात तसेच घेऊन घरात धावली. तिला वाटलं, नातूच गेला. नातू पाळण्यात होता, ठणठणीत होता आणि जोरजोरात रडत होता. मेली होती ती एक मुंगी. तांबडी, दारातल्या फणसावरून पकडून आणलेली, आणि आता श्रुतिकाच्या अर्धी वाटी दुधात तरंगणारी.

"बघितलंस ना ठकू? आपल्या डोळ्यानं बघितलंस ना?" गोदूबाईनं वाटी तिच्या नाकाखाली नेली. "इख हाय, इख. हे पाजते तुझी सून तुझ्या नातवाला."

श्रुतिका भिंतीला टेकून बसली होती, पदर छातीशी घट्ट धरून. तेवढ्या धरलेल्या पदरातूनही ओल बाहेर येत होती.

आता ही गोदूबाई म्हणजे कोण, तर कापडे गावच्या वरच्या वाडीत कुठंही बाळ रडलं की बाळाच्या आईच्या आधी ही पोचायची. महाडच्या कुठल्याशा दवाखान्यात तिनं एके काळी दोन महिने झाडू मारला होता. तेवढ्या भांडवलावर बाईची वीस वर्षं डॉक्टरकी चाललेली! डोळे आले, बोलवा गोदूबाईला. पोट दुखलं, बोलवा गोदूबाईला. म्हैस पान्हा चोरते, तरी गोदूबाईलाच बोलवा. आणि दुधाची परीक्षा हा तर तिचा खास प्रांत. बाळ ओकतं, हिरवं हगतं, अंगावर पिताना रडतं, तर आईचं दूध वाटीत घ्यायचं आणि त्यात मुंगी सोडायची. मुंगी चालत बाहेर आली तर दूध चांगलं, मेली तर वाईट. संपलं शास्त्र.

आजवर मुंग्या बाहेर यायच्या, कारण बाकीच्या बाया लाजत लाजत दोन थेंब काढायच्या. वाटीचं बूडसुद्धा झाकायचं नाही. मुंगी पाय ओले करून निघून जायची, गोदूबाई मान डोलवायची आणि चहा पिऊन उठायची. श्रुतिकाचं मात्र नुसतं बोट लागायचा अवकाश, चिळकांडीच उडाली. थांबव थांबव म्हणेपर्यंत वाटी अर्धी. त्या अर्ध्या वाटीच्या मधोमध गोदूबाईनं मुंगी टाकली. मुंगी बिचारी पोहायला कुठं शिकलेली?

पण हे त्या वेळी सुचलं कोणाला? कोणाला नाही. श्रुतिकालासुद्धा नाही, आणि ती पोलादपूरच्या शाळेत दहावी पास झालेली!

तिचं दूध म्हणजे अख्ख्या वाडीचा चेष्टेचा विषय होता. पहिलं बाळंतपण माहेरी, सव गावी झालं. तिथं आई गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात फडकं बुडवून आणायची, छातीवर धरायची, की भरून दगड झालेलं सगळं मोकळं व्हायचं. सवा महिन्यानं ती बाळाला घेऊन कापड्याला आली आणि हाल सुरू झाले. दिवसाला तीन ब्लाउज. सासऱ्याच्या जुन्या धोतराच्या घड्या आत घालायच्या, त्या तासाभरात पिळून काढायच्या. अंगाला कायम आंबूस वास. विहिरीवर दुसऱ्याचं पोर रडलं तरी हिला पान्हा फुटायचा, आणि कळशी डोक्यावर, त्यामुळे पदर सावरायला हात मोकळा नाही. बाया खिदळायच्या. "श्रुतिके, डेरी काढ गो डेरी! पोलादपूरला रतीब घाल!"

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो ओजस. नाव बापानं मुंबईहून फोनवर कळवलेलं. आजीला ते म्हणता यायचं नाही, ती 'वज्या' म्हणायची. तर हा वज्या तोंड लावायचा, दोन घोट घ्यायचा, तोवर अशी धार यायची की त्याला ठसका. तो तोंड सोडायचा, धार डोळ्यांत, नाकात. मग आकांत. मग परत पिणं, परत ठसका, पोटात दुधापेक्षा वारा जास्त, आणि मग भळकन ओकायचा. सवच्या नर्सबाईंनी, सरोज सिस्टरांनी, सांगितलं होतं, "आधी थोडं वाटीत काढून टाक, जोर कमी झाला की मग पाज, आणि त्याला जरा उभा धर." श्रुतिका तसं करायची. ठसके कमीही झालेले. वाटीतलं दूध कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून ती फणसाच्या बुंध्याशी ओतायची. तर ठकूबाई तिथंही आडवी!

"लक्ष्मी ओततेस मातीत? पोराच्या तोंडचं काढतेस नि झाडाला घालतेस?"

म्हणून काढणं बंद. म्हणून ठसके वाढले. म्हणून हिरवी शी. म्हणून गोदूबाई. सोमवारपर्यंत जे दूध लक्ष्मी होतं, ते गुरुवारी विष झालं. यांना दोन्ही सांगताना लाज म्हणून नाही!

"आजपासून पाजायचं नाय," ठकूबाईनं तिथंच फर्मान काढलं. "भिकूच्या शेळीचं दूध आणते."

"आत्या, अहो, फक्त ठसका लागतो त्याला. सिस्टर म्हणाल्या..."

"सिस्टर काय खाते इथं? मुंगी मेली ती तुला दिसली नाय?"

ओटीवर सासरा चांगू बसला होता. त्यानं "हूं" केलं. चांगूनं अख्खा संसार त्या एका 'हूं'वर केला होता. हो पण तेच, नाही पण तेच.

मग दोघींनी मिळून तिची छाती बांधली. आत मोगऱ्याच्या कळ्या पसरल्या, म्हणजे दूध आटतं, आणि वर नऊवारीचा पट्टा असा आवळला की श्वास अर्धाच घेता यावा. शिमगा चार-पाच दिवसांवर, मोगरा नुकता लागलेला. गोदूबाईनं कुठून ओंजळभर कळ्या आणल्या. बांधताना वर तिलाच ऐकवणं! "नशीब समज, वेळेवर कळलं. नायतर पोर हातचं गेलं असतं."

शुक्रवारी तिला ताप भरला. छाती वरवंट्यासारखी, हात वर होईना. तिकडं वज्या शेळीचं दूध चमच्यानं अर्धं गिळायचा, अर्धं थुंकायचा आणि तिच्या दिशेनं मान वळवून रडायचा. ती उठायला लागली की ठकूबाई त्याला घेऊन परसात जायची.

सोडून टाकायचा ना तो पट्टा! हिसकून घ्यायचं ना पोर! पण तिनं तसं केलं नाही, आणि का नाही, हे तिनं पुढं कोणालाच सांगितलं नाही. तिला स्वतःलाच शंका आली होती. मुंगी मेली हे तर तिनंही बघितलं होतं. खरंच असेल तर? आपल्याच अंगात काही वाईट असेल तर? दोन दिवस ती त्या शंकेला कुरवाळत पडून राहिली. गोदूबाईचा राग आला त्याच्या दसपट राग तिला नंतर या दोन दिवसांचा आला.

शनिवारी दुपारी कुशाबाच्या दुकानात नवऱ्याचा, दीपेशचा, फोन आला. ती तापातच चालत गेली.

"आईचा फोन आलेला मला," तो म्हणाला. "तू टेन्शन नको घेऊ. मी सोमवारी येतो, सगळं सेटल करतो."

"अहो, तुम्ही आत्यांना सांगा ना, मला पाजू दे. मला सहन होत नाही."

"अगो, रिस्क कशाला घ्यायची? पावडरचा डबा आणतो ना. एकदम टॉप. आमच्या चाळीत सगळी तेच देतात."

"मला दूध आहे हो. दोन पोरांना पुरेल एवढं आहे."

"तेच तर ना! इतकं येतं म्हणजे पातळ असणार. डब्यात फुल ताकद असते." आणि फोन ठेवला.

सोमवारी साहेब आले. पायात पांढरे बूट, डोळ्यांवर गॉगल, काखेत डबा. डब्यावर गोरं, गुबगुबीत बाळ. ठकूबाईनं डबा देवापुढं ठेवला, कुंकू लावलं आणि मग उघडला. वज्यानं पावडरीचं दूध एकदा प्यायलं आणि संध्याकाळपर्यंत सात वेळा पातळ शी केली. दीपेश म्हणाला, "सेट व्हायला टाइम लागतो." जसा काही तो टीव्ही होता!

मंगळवारी सकाळी सासूनं हाक मारली, "पडून काय राहिलीस? शिमग्याची पालखी यायची घरात. गूळ काढ, पुरण घालायचंय."

गुळाचा डबा कोनाड्यात होता, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून पाणी भरलेल्या पितळी ताटात ठेवलेला. ठकूबाई रोज सकाळी न चुकता त्या ताटात पाणी भरायची. श्रुतिकानं डबा उचलला. खाली पाण्यात मुंग्या. दहा, पंधरा, वीस. सगळ्या मेलेल्या.

ती तशीच उभी राहिली, डबा हातात. मग तिला हसूच आलं. पाच दिवसांत पहिल्यांदा, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

ती ओटीवर आली. दीपेश पेपर वाचत होता, गोदूबाई चहा पीत होती. रोज यायची, आपला रोगी बघायला!

"मामा," श्रुतिका सासऱ्याला म्हणाली, "फणसावरच्या पाच मुंग्या आणून द्या."

चांगूनं "हूं" केलं आणि, काय आश्चर्य, खरोखर उठला. तो पानावर मुंग्या घेऊन येईपर्यंत तिनं ओटीवर वाट्या मांडल्या. एकीत विहिरीचं पाणी. दुसरीत शेळीचं दूध. तिसरीत डब्याचं दूध.

"काय नाटक गो हे?" गोदूबाई म्हणाली.

"परीक्षा," श्रुतिका म्हणाली. "तुम्हीच शिकवलीत ना, गोदूकाकी."

तिनं मुंग्या सोडल्या. पाण्यातली गटांगळ्या खाऊन मेली. शेळीच्या दुधातली मेली. डब्यातली तर पटकन मेली, दीपेश पेपर खाली ठेवून वाकून बघत होता तोवरच. मग तिनं चौथी मुंगी उचलली आणि गोदूबाईच्या कपातल्या चहात टाकली.

"अगो!"

"मेली, काकी. निम्मा प्यायलात ना तुम्ही? आता कसं वाटतंय?"

ठकूबाई दारात उभी होती. श्रुतिका तिच्याकडं वळली.

"आत्या, विहीर बुजवून टाकायची का? इख हाय तिच्यात. शेळी कापायची का भिकूची? आणि हा डबा, देवापुढं ठेवलेला? तुमच्या गुळाच्या ताटात वीस मुंग्या मेल्यात. त्या रोज तुम्हीच मारता, पाणी घालून. माझ्या वाटीत एक मेली तर तुम्ही माझ्या पोराचं तोंड बांधलंत."

"आमी त्याच्या भल्यासाठी..." ठकूबाई म्हणाली.

"एक मिनिट, श्रुतिका," दीपेश उठला, "मी समजावतो आईला, तू शांत..."

"तुम्ही बूट काढा आधी. सारवलेल्या ओटीवर चाललाय."

त्यानं बूट काढले.

गोदूबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. वीस वर्षांची डॉक्टरकी कपात बुडताना बघून तिचा आवाज चढला. "आमची रीत आशी नसते. आमी दोन थेंबच घेतो. दोन थेंबात सोड मुंगी, मग बोल!"

"आणि माझ्या वेळी?"

"तुझं आलंच एवढं, त्याला मी काय करू?"

बघा! बाई स्वतःच बोलून गेली. पाच दिवस ताप, पाच दिवस पोराचा आकांत, आणि कारण काय, तर तुझं आलंच एवढं!

"घ्या दोन थेंब," श्रुतिका म्हणाली.

ती कोपऱ्यात पाठ करून बसली. पट्टा सोडला. सुकून काळ्या पडलेल्या कळ्या मांडीवर पडल्या. तिनं रिकामी वाटी धरली आणि बोट लावलं. चिळकांडी उडेल म्हणून वाटी सवयीनं जरा लांबच धरली होती.

काही आलं नाही.

तिनं वाटी जवळ घेतली. दाबलं. दुखलं, डोळ्यांत पाणी आलं. परत दाबलं. एक थेंब. बऱ्याच वेळानं दुसरा. मग दुसरीकडून बघितलं, तिथं तेवढंही नाही.

ती वाटी घेऊन वळली. चांगूनं पाचवी मुंगी आपल्याच हातानं सोडली. मुंगी थेंबाशी थांबली, थोडं प्यायली, पाय ओले करून वाटीच्या काठावर चढली आणि ओटीवर उतरून आपल्या वाटेनं गेली.

"बघा," गोदूबाई एकदम हुशारली. "चाललं. दूध चांगलं हाय आता. मोगऱ्यानं इख उतरलं."

तिच्याकडं कोणी बघितलं नाही. ठकूबाईनं मात्र वाटीकडं बघितलं, वाटीच्या बुडाशी राहिलेल्या त्या ओल्या डागाकडं. तिनं पाळण्यातून वज्याला उचललं, आणून सुनेच्या मांडीवर ठेवलं आणि गुळाचा डबा उचलून आत गेली. गोदूबाई कप तसाच टाकून कधी गेली, कळलं नाही.

श्रुतिकानं आत जाऊन पाठ केली नाही. तिथंच, ओटीवर, सगळ्यांसमोर पदराखाली घेतलं त्याला. तो क्षणभर गोंधळला, मग त्याला वास लागला आणि त्यानं असं घट्ट तोंड लावलं की तिनं दात आवळले. ओढत होता, ओढत होता. तिनं त्याला सरोज सिस्टरांनी सांगितलेलं तसं जरा उभं धरलं आणि सवयीनं पदराचं टोक हातात तयार ठेवलं, नाकातोंडात धार गेली की पुसायला.

दीपेश समोर अनवाणी बसून होता. चांगू वाट्यांतल्या मुंग्या फणसाशी ओतून आला.

ती पदराचं टोक धरून बसली होती. कान त्याच्या घशाकडं. आता लागेल ठसका. आता लागेल.