खालचा आवाज

शांतवननं माणसाएवढ्या, तारांच्या बेसवरची गोधडी सोडली तसा मंडपात हशा पिकला.

"आरं, ह्यो तर तुनतुन्याचा बाप हाय!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

शांतवन हसला नाही. बेसच्या पायातली लोखंडी खुंटी त्यानं स्टेजच्या फळीवर टेकवली आणि तारा जुळवू लागला. कोल्हारजवळच्या या साखर कारखान्याचा बॉयलर आज पेटला होता. मुंबईत नाव काढलेल्या सोनईच्या मास्टर सूर्यभानचा त्यानिमित्त सत्कार होता, आणि त्याच्या बँडचं वादन. त्याचा बेसवाला तापानं पडला, म्हणून कारखान्याकडून नगरच्या शांतवनला बोलावणं आलं.

"नका जाऊ," त्याची बायको पुष्पावती म्हणाली होती. "अजून त्याच्या नावानं झोपेत दात खाता तुम्ही."

तो तेवढ्यासाठीच आला होता.

नगरच्या चर्चमध्ये पेटी वाजवणारा शांतवन मुंबईच्या हॉटेलांत जाझ शिकला. उमेदीची सगळी वर्षं त्यानं सूर्यभानच्या बँडमध्ये, मागच्या अंधारात उभं राहून घालवली. बेसवर रचलेली त्याची धून सूर्यभाननं स्वतःच्या नावानं रेकॉर्ड केली. तो जाब विचारायला गेला, तेव्हा सूर्यभान सगळ्यांसमोर म्हणाला, "बेस ऐकतंय कोण रं?" पुढे कुठल्याच बँडनं त्याला उभं केलं नाही.

आज त्याच धुनेनं सुरुवात होती. ऐन रंगात हात थांबवायचा, एवढंच शांतवननं ठरवलं होतं.

सूर्यभान ट्रंपेट घेऊन आला.

"मास्टर, ओळखलं का?"

"व्हय, व्हय, गारठा लई हाय," सूर्यभान त्याच्याकडे न बघताच म्हणाला. मग बूट काढून तो अनवाणी, बेसच्या अगदी पुढ्यात पाठ करून उभा राहिला.

शांतवननं जाड तार हलकेच छेडली. फळी थरथरली. पाठमोऱ्या सूर्यभाननं लगेच मान डोलावली.

म्हातारा पायांच्या तळव्यांनी ऐकत होता.

धून सुरू झाली. ट्रंपेट चोख वाजत होतं, मंडप डोलू लागला. शांतवननं पायानं गोधडी जवळ ओढली, ताल न सोडता बेस किंचित उचलला आणि खुंटी तिच्या घडीवर टेकवली. फळीची थरथर थांबली. मंडपाला काहीच कळलं नाही. ट्रंपेट मात्र अडखळलं, पुढे पळालं, मग भलतीकडेच गेलं.

"मास्तर पिऊन आलंय जनू!"

लोक खदखदा हसले. बँड थांबला. सूर्यभान वळला. त्यानं गोधडी पाहिली, मग शांतवनचा चेहरा.

"शांतवन... फळीवर ठेव. पाया पडतो तुझ्या."

त्याला ओठ वाचता यावेत म्हणून शांतवन सावकाश बोलला.

"धून कुणाची?"

सूर्यभान माइककडे गेला. "ही धून माझी न्हाई," तो म्हणाला. "ह्या शांतवनची हाय."

मग टाळ्या पडल्या, अगदी मागच्या तट्ट्यापर्यंत.

सूर्यभान जागेवर परतला. त्यानं ट्रंपेट ओठांना लावलं आणि तळवे फळीवर घट्ट रोवून वाट पाहू लागला.

शांतवननं धून पहिल्यापासून धरली. खुंटी गोधडीवरच होती.