हातमोजेवाले गव्हर्नर

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या जत्रेत पुढाऱ्यांनी शेगडीवर डुकराचं मांस भाजून लोकांना वाढायचं, अशी रीतच आहे. गव्हर्नर असताना ऑर्विल स्टँगलंडने ते पांढरे हातमोजे घालून भाजलं. फोटो छापून आला, शेतकऱ्यांना तो नखरा वाटला आणि दुसरी निवडणूक हातची गेली. चार वर्षांत त्याने दुसरं काय केलं, ते कुणालाच आठवत नव्हतं.

पुन्हा उभं राहायचं म्हणून यंदा तो उघड्या हातांनी शेगडीपाशी आला. शेगडी सांभाळणाऱ्या वेल्डाबाईंनी निखाऱ्यांवर ठेवलेला चिमटा दाखवला. त्याने तो नेमका तापल्या टोकाला धरला आणि किंचाळून टाकला.

"अहो गव्हर्नरसाहेब," वेल्डाबाई मायेने म्हणाल्या, "हातमोजे आणू का?"

सगळी रांग खदखदून हसली. उमेदवारीचं भाषण खिशातच राहिलं.