बाहेरच्या शिवणीची पिशवी

टक्. टक्टक्.

नळीतून काहीतरी वर गेलं आणि बायकोने पायाने बटण दाबून व्हॅक्यूम बंद केला. "अहो, ऐकलंत का? परत काहीतरी गेलं आत."

"जाऊ दे गं," तो दारातूनच म्हणाला. "बाबांच्या खडूचा तुकडा असेल, नाहीतर बटण."

"रोज कुठून येतात एवढी बटणं? एकदा उघडून बघा तरी."

"कुणी उघडून बघायला लागू नये, म्हणून तर एवढी मरमर चाललीय माझी."

पलंगावर बसलेले बाबा यावर हसले. जरा जास्तच हसले आणि मग त्यांना धाप लागली. बायकोने व्हॅक्यूम तिथेच सोडून पाण्याचा पेला पुढे केला. त्यांच्या पायांवर पुन्हा सूज आली होती, बोटांनी दाबलं तर खळगा पडत होता. तो ते पाहत होता आणि पाहायचं टाळतही होता.

आता धुळीच्या पिशवीत एवढं मरमर करण्यासारखं काय असतं, असं कुणालाही वाटेल. कारखान्यातही सगळ्यांना तसंच वाटायचं. मोटार करणाऱ्याला मान, बाहेरचा डौलदार डबा रेखाटणाऱ्याला मान. हा मात्र आयुष्यभर 'पिशवीवाला'. पण व्हॅक्यूम घेतलेल्या माणसाला विचारा, त्याचा जीव कशाने मेटाकुटीला येतो! भरलेली पिशवी काढायची, तर तोंडाशी धुरळा उडतो. उलटी केली तर अर्धी धूळ डब्यात आणि अर्धी स्वतःच्या पायांवर. उरलेला केसाधाग्यांचा गुंता शिवणीत अडकून बसतो, तो काढायला शेवटी हात आत घालावाच लागतो. साफसफाई करायला आणलेलं यंत्र आणि शेवटी माणूसच पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा! साहेबांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, एका बोटाने रिकामी होईल अशी पिशवी द्या, नाहीतर पुढचं मॉडेल बिनपिशवीचं काढतो. म्हणजे त्याचा विभागच उचलून बाहेर.

वाट सापडली ती घरात. बाबा शिंपी होते. दुकान कधीच बंद झालं होतं, पण शिलाई मशीन त्यांच्या खोलीत खिडकीखाली तसंच होतं. एका संध्याकाळी त्यांनी जुनी पिशवी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "अरे, शिवण आतून कशाला घेतलीत? शिवण आली की धागा अडकणारच. बाहेरून घे ती. दिसायला ओंगळ दिसेल, पण कोण बघतंय? आणि वर अरुंद, खाली घेरदार बेत. झगा बेततात तशी. मग आतलं आपोआप घसरतं."

त्याने तसंच केलं. आत गुळगुळीत अस्तर, तोंडाशी आपोआप मिटणारी झडप आणि तळाला एक पट्टी. पट्टीच्या फासात बोट घालून ओढलं की तळ उघडायचा आणि सगळा ऐवज धपकन खाली. कारखान्यातल्या मशीनवर ती वळणदार शिवण जमेना, म्हणून नमुने बाबाच शिवत. सुरुवातीला शिवण वाकडीतिकडी यायची. "गोळी घेतली की हात कापतो रे," ते म्हणाले होते. तो चपापला होता. "शिवण गेली खड्ड्यात. गोळी चुकवायची नाही हं, बाबा." डॉक्टरांनी बजावूनच ठेवलं होतं, हृदयाचे ठोके सैरावैरा पळतात, ही गोळीच त्यांना वेसण घालून आहे. ती चुकली तर काही खरं नाही.

मग हळूहळू बाबांचा हात कापायचा थांबला. शिवण अशी सरळ येऊ लागली की बघत राहावं. त्याला केवढा आनंद झाला होता! औषध अंगी लागतंय, असंच तो धरून चालला.

पण डॉक्टर खूश नव्हते. नाडी बघताना त्यांच्या कपाळावर आठी पडायची. "गोळी वेळच्या वेळी घेतात ना?"

"म्हणजे काय! हिच्या हातूनच घेतात. आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो," तो म्हणाला होता.

"मग लागू का पडत नाही, कळत नाही. जोर वाढवू या." त्यांनी जोर वाढवला. सूज उतरली नाही, तेव्हा आणखी एकदा वाढवला. बाबा खाली मान घालून नखं बघत बसले होते.

शेवटी ताई आली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. शाळेत मुख्याध्यापिका होती आणि घरातही तेच पद सांभाळून होती. बाबांचे पाय बघितले मात्र, तिचा पारा चढला. "तुमच्याच्याने नाही व्हायचं हे. तू पिशवीत बुडालेला आणि ही बिचारी कुठेकुठे पुरी पडणार? मी घेऊन जाते त्यांना. चांगले ठणठणीत करून पाठवते."

बाबा नको नको म्हणत होते. मग एकाएकी म्हणाले, "शेवटचा नमुना झाला ना रे तुझा? मग जातो." जाताना त्यांनी शिलाई मशीनवर कापड पांघरलं आणि व्हॅक्यूमकडे एकदा वळून पाहिलं. ते पाहणं त्याला कसंसंच वाटलं होतं. का, ते मात्र कळलं नव्हतं.

साहेबांसमोर पिशवी दाखवायची होती, त्याच्या आदल्या दुपारी तो लवकर घरी आला. कारखान्यातली चाचणीची धूळ म्हणजे नुसती भुकटी. खऱ्या घराची धूळ वेगळीच असते. तिच्यात केस असतात, कापूस असतो, माणसांच्या अंगाचं काय काय असतं. म्हणून तो घरची भरलेली पिशवीच दरवेळी शेवटची कसोटी म्हणून धरायचा. मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यावर त्याने पिशवी धरली, बोट घातलं, ओढलं.

तळ उघडला. थोडी धूळ पडली आणि बाकी सगळं आतच राहिलं.

त्याने पुन्हा झटका दिला. काही नाही. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. इतके दिवस एकदाही अडली नव्हती आणि उद्यावर येऊन ठेपलं तेव्हाच अडली होती. "अगं, जुना कागद आण जरा!" तो ओरडला. बायकोने पसरलेल्या कागदावर त्याने पिशवी आतली बाहेर केली, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच.

अस्तराला पांढरे चट्टे होते. डिंकासारखं काहीतरी ओलं असताना चिकटलं होतं, वाळलं होतं आणि त्याच्यावर केसांचा, धाग्यांचा थर बसला होता. "खडू," तो पुटपुटला. पण खडू चिकटत नाही. त्याने नखाने खरवडलं. आतून काहीतरी गोल निघालं. मधोमध बारीक रेघ असलेलं, अर्धवट विरघळलेलं. मग दुसरं. मग त्या गुंत्यातून एकामागून एक निघतच राहिली. काही झिजलेली, काही अगदी अख्खी.

बायको शेजारी उकिडवी बसली होती. तिने एक उचललं आणि तिचा हात तसाच हवेत राहिला.

"अहो, ह्या तर त्यांच्या गोळ्या."

तो आणखी एक खरवडून काढत होता.

"माझ्यासमोर तोंडात टाकायचे हो. पाणी प्यायचे. आ करून दाखवायचे लहान मुलासारखे. मी हसायचे..." तिला रडू फुटलं. "गालात धरून ठेवत असणार. मी पाठ फिरवली की पलंगाखाली."

त्याला आधी रागच आला. म्हाताऱ्याने काय हा खेळ मांडला! मग हळूहळू दुसरं काहीतरी डोक्यात उतरू लागलं आणि राग जागच्या जागी विझला. बाबांनी गोळी घेतलीच नव्हती. म्हणून ती लागू पडली नव्हती. म्हणून डॉक्टर जोर वाढवत गेले. दोनदा वाढवलेली ती गोळी बाबांच्या अंगाला माहीतच नव्हती. आणि आता बाबा ताईकडे होते.

धुळीने माखलेल्या हातानेच त्याने फोन लावला.

"ताई, बाबांना गोळी देतेयस?"

"हा काय प्रश्न झाला? देतेय म्हणजे! तुमच्यासारखं हातावर ठेवून मोकळी होत नाही मी. चक्क कुटते, पाण्यात विरघळवते आणि समोर बसून पाजते. तोंड वाकडं करतात, 'नको गं, नको गं' म्हणतात. मी ऐकते होय!"

"आज दिलीस?"

"सकाळीच दिली. अरे, गुण आलाय बघ. धडधड पार थांबलीय. नुसते झोपून असतात. कालपासून तर जेवायलाही उठले नाहीत. म्हटलं, होऊ दे विश्रांती."

"त्यांना उठव."

"अरे, आत्ता कुठे डोळा..."

"ताई, उठव त्यांना!"

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली. लांबून ताईची हाक ऐकू आली, शाळेतली, खणखणीत. "बाबा!" मग जरा मऊ. "बाबा, उठा बघू." मग नुसतीच हाकांवर हाका, आणि त्या हाकांमध्ये त्याने लहानपणापासून कधी न ऐकलेला आवाज होता.

दवाखान्यात बाबा एकदाच नीट शुद्धीवर आले. ताई औषधं आणायला खाली गेली होती. त्यांचा हात हातात घेऊन तो बसला होता. हात थंड होता आणि पुन्हा कापत होता.

"का असं केलंत, बाबा? मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर घ्यायला लावली असतीस," ते म्हणाले. आवाज खोल गेला होता. "हात कापला असता तर शिवण सरळ आली असती का? तुझी पिशवी व्हायची होती ना रे."

"अहो, पिशवी काय..."

"म्हटलं, तुझ्या पिशवीत कोण बघतंय." ते किंचित हसले. "चांगली जमलीय ती." मग बराच वेळ डोळे मिटून राहिले. त्याला वाटलं झोप लागली. "तुझ्या ताईला काही बोलू नकोस. बिचारीने फार मनापासून केलं."

डॉक्टरांना त्याने सगळं सांगितलं होतं. त्यांनी जमेल तेवढं केलं. पण थकलेलं हृदय एकदा मंदावलं ते पुन्हा वेग घेईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते थांबलं. बाहेर येऊन डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "बहिणीला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्याकडून काही निघणार नाही." त्याने मान हलवली. ताई बाकावर बसून रिकाम्या पेल्याकडे बघत होती. घरून तोच पेला घेऊन आली होती, पाण्यात गोळी विरघळवायचा.

पिशवी पास झाली. त्याच्या गैरहजेरीतच साहेबांनी दाखवून घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. विभाग वाचला. ही बातमी सांगायला आलेल्या सहकाऱ्याला त्याने चहा दिला आणि स्वतः एक घोटही घेतला नाही.

काही दिवसांनी ताई बाबांची खोली आवरायला आली. तिला जरा म्हणून स्वस्थ बसवत नव्हतं. कपड्यांच्या घड्या घातल्या, शिलाई मशीन पुसलं, पलंग एकटीने सरकवला. बायको नको म्हणत असताना तिने व्हॅक्यूम ओढून आणला. तो दारात उभा होता. मधेच व्हॅक्यूम बंद करून ती म्हणाली, "गोळ्या मी नीटच दिल्या ना रे? एकही चुकवली नाही मी. तरी असं कसं झालं?"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. एक शब्द निसटला असता तर पुढचं सगळं सांडलं असतं.

"नीटच दिल्यास, ताई. तुझ्याइतकं कुणीच केलं नाही त्यांचं. त्यांचं हृदयच थकलं होतं."

तिने पदराने नाक पुसलं, मान डोलावली आणि पुन्हा बटण दाबलं. नळी शिलाई मशीनच्या खाली, पार भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेली.

टक्. टक्टक्.

"काहीतरी गेलं रे आत!" ताई म्हणाली. "बघू का उघडून?"

"नको नको. खडूचा तुकडा असेल," तो म्हणाला. "दे इकडे. मीच रिकामी करतो."

पिशवी घेऊन तो मागच्या अंगणात गेला. ताई त्याच्या मागोमाग आली. त्याने डब्यावर पिशवी धरली. बाबांच्या हातची शिवण अंगठ्याला लागत होती, एका टाक्यानेही इकडची तिकडे न झालेली. ताई अगदी खांद्याशी उभी होती. आत अडू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने फासात बोट घातलं आणि ओढलं.

सगळं एकदम खाली गेलं. कणभरही उडालं नाही. त्याने लगेच डब्याचं झाकण लावलं.

"ही बाबांनी शिवलेली ना?" ताईने विचारलं.

"हो."

तिने रिकामी पिशवी हातात घेतली, आतून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं. बोटाला काहीही लागलं नव्हतं.

"किती स्वच्छ काम होतं रे त्यांचं," ती म्हणाली, आणि पिशवी छातीशी धरून आत गेली.