नवरी पळाली

डोंगरातल्या गोरोका शहराच्या बाजारात बिलुम, म्हणजे कपाळाला अडकवून पाठीवर सोडायच्या धाग्याच्या पिशव्या, विणणाऱ्या बायकांना दुकान नाही, कुंपण आहे. जाळीला पिशव्या टांगायच्या, खाली तांदळाचं रिकामं पोतं अंथरायचं, छत्रीची काडी दगडावर घासून केलेली सुई हातात घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत विणत, सुपारी चघळत, येणाऱ्या-जाणाऱ्याची उणीदुणी काढत बसायचं. लोविसा त्या रांगेत शेवटून दुसरी. अकरा वर्षं बसत होती. अकरा वर्षांत कुणी तिचं कौतुक केलं असेल तर ते तिच्या शेतातल्या रताळ्यांचं. पिशव्यांबद्दल एकच ऐकू यायचं: सिंबूची बाई आहे, हात चलाख आहे, पण डोकं दुसऱ्याचं वापरते. हे पहिल्यांदा बोलली तिची नणंद डॉर्कस, लोविसा डोंगरापलीकडच्या सिंबूहून लग्न होऊन आली त्याच वर्षी. पुढं ते सगळ्या कुंपणाचं झालं. खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबायचं.

तिथं नक्षीला नाव असतं आणि नावामागं एक बाई असते. ‘पूल वाहून गेला’ ही नक्षी आसारो गावच्या म्हाताऱ्या हेलेकेची. हेलेके मरून वीस वर्षं झाली, पण कपाळावरून ती पिशवी लोंबकळवत कुणी रस्त्यानं गेली की बायका अजून म्हणतात, ती बघ हेलेके चालली. नक्कल सगळ्याच करतात, तिला कुणी चोरी म्हणत नाही. फक्त पहिली कोण, हे विसरायचं नाही. लोविसाला तेवढंच हवं होतं. एक नक्षी, आणि तिच्यामागं आपलं नाव.

आणि एक दिवस ती सुचली. कॉफीच्या हंगामात ताडपत्रीवर बिया वाळत होत्या, लोविसा दाताळं ओढत होती. दाताळ्याच्या रेघा कडेपर्यंत जातात, वळतात, परत येतात. ती थांबली, बघत राहिली, आणि घरी जाऊन जांभळा धागा काढला. जांभळ्यावर पिवळ्या रेघा, पुढच्या बाजूनं कडेला जाऊन मागं वळणाऱ्या आणि मागून पुन्हा पुढं येणाऱ्या. पहिल्या पिशवीत पिवळा धागा मध्येच संपला, म्हणून एक पट्टा लाल घातला. तो तिला खुपला. पुढच्या तिन्ही पिशव्या तिनं पूर्ण पिवळ्या रेघांच्या केल्या.

ती सरळ कुंपणाला टांगायची. पण त्याच महिन्यात राजधानीहून एक साहेब आला होता. पायात चकचकीत बूट, गळ्यात ओळखपत्र. चर्चच्या हॉलमध्ये बायकांना गोळा करून त्यानं सांगितलं की तुमची कल्पना ही तुमची मालमत्ता आहे, ती लपवा, नाहीतर चोर नेतील. मग बिस्किटं वाटली, सगळ्यांचे फोटो काढले आणि दुपारच्या विमानानं परत गेला. जन्मात एक फास न विणलेला माणूस विणणाऱ्यांना शिकवून गेला, आणि त्याचा भत्ता चौघींच्या वर्षाच्या कमाईएवढा असणार. बाकीच्या बायकांनी बिस्किटं खाल्ली आणि भाषण विसरल्या. लोविसानं भाषण गिळलं.

ती रस्त्याकडं पाठ करून विणायला लागली. पिशव्या पोत्यात घालून वर बसायची. एखादी बरी दिसणारी गिऱ्हाईक आली की पोत्याचं तोंड बोटभर उघडून दाखवायची आणि दीडशे किना किंमत सांगायची. गिऱ्हाईक विचारायची, नाव काय हिचं? लोविसा म्हणायची, अजून नाही. मग गिऱ्हाईक शेजारच्या एस्टाकडून साठ किनाला ‘पूल वाहून गेला’ घेऊन जायची. चार महिन्यांत एकही पिशवी गेली नाही. पिशवी बाईमाणूस मिरवायला घेते. जे कुणीच ओळखत नाही ते मिरवायचं तरी कुणासमोर? हे एस्टानं तिला न विचारता सांगितलं होतं, आणि वर म्हणाली होती, पोत्यात काय अंडी उबवतेस का ग.

मग डॉर्कसच्या मुलीचं, नोरीनचं लग्न ठरलं. मुलगा शेजारच्या बेना गावाकडचा. वधूमूल्याच्या दिवशी नवरीच्या डोक्यावरून, पाठीवरून बिलुम लादतात. आत्या, मावश्या, माम्या, सगळ्यांची एकेक हवीच. लोविसा सख्खी मामी. तिच्याकडं तयार पिशव्या चारच, आणि चारही पोत्यातल्या. तिनं त्यातली सगळ्यात वाईट, लाल पट्ट्याची, उचलली. वीस पिशव्यांच्या ढिगात कोण बघतंय, असं तिला वाटलं.

सगळ्यांनीच बघितली. कारण डुकरं रांगेत बांधून झाली होती, नोटा बांबूला टाचून उभ्या केल्या होत्या, नवऱ्याकडच्या तिसऱ्या वक्त्याचं भाषण रंगात आलं होतं आणि नोरीन लघवीला जाते म्हणून उठली ती आलीच नाही. एकोणीस पिशव्या केळीच्या झाडामागं सापडल्या. विसावी पाठीला मारून ती हमरस्त्यावर ले शहराकडं जाणाऱ्या गाडीत चढताना निम्म्या गावानं पाहिली. गाडीत आधीच एक बसला होता, टायर बदलणारा, केस रंगवलेला. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत लोकांना दोनच गोष्टी दिसत होत्या: नवरीची पाठ आणि तिच्यावरची जांभळी-पिवळी पिशवी, मधोमध लाल पट्टा असलेली.

त्यानंतर जे झालं ते समजून घ्यायला कुणा साहेबाच्या भाषणाची गरज नाही. जो तो ही गोष्ट सांगायचा, आणि सांगताना पिशवी सांगायचीच. कसली पिशवी होती ग? जांभळी, पिवळ्या रेघांची, मध्ये लाल. दाखव की विणून. सोमवारी एस्टानं आठवणीतून एक विणली आणि बुधवारी ती नव्वद किनाला गेली. शुक्रवारपर्यंत कुंपणाला अकरा होत्या, पुढच्या आठवड्यात चाळीस. गिऱ्हाईक लांबूनच ओरडत यायचं, ‘नवरी पळाली’ आहे का? नाव कुणी ठेवलं, कुणालाच ठाऊक नाही. हॉस्पिटलच्या नर्सा घेऊ लागल्या, शाळेच्या बाया घेऊ लागल्या, ज्यांना नवऱ्यापासून पळायचं होतं आणि धीर होत नव्हता अशा तर हमखास घेऊ लागल्या. काइनान्तूच्या बायका गाडी करून नक्कल शिकायला आल्या. शहरातल्या धाग्याच्या दुकानातला जांभळा संपला. दुकानदारानं मागवला आणि पाच किनाची गुंडी आठ किनाला विकली. गल्ल्यावर बसून त्यानं एवढीच अक्कल पाजळली, आणि कमाई बघाल तर सगळ्यात जास्त त्याचीच.

लोविसानं आता पोतं सोडलं. उरलेल्या तिन्ही पिशव्या जाळीला टांगल्या आणि बसली. पहिली गिऱ्हाईक वाकली, बघितली आणि म्हणाली, ह्यात लाल नाही. दुसरी म्हणाली, ही नकली आहे. तिसरीनं तर समजावलं, बाई, नीट बघून विणत जा, शेजारणीची बघ कशी बरोबर उतरलीय.

लोविसा एस्टाला म्हणाली की नक्षी माझी आहे. एस्टा म्हणाली, असेल बाई, पण पुढच्या टोकाची सांगते तिची आहे, चर्चच्या मागं बसणारी सांगते तिच्या आईची आहे, आणि खरं सांगू का, मी पण दोघातिघांना माझीच म्हणून सांगितलंय. हसली आणि सुपारी चुना लावून तिला दिली. लोविसानं सुपारी घेतली. काय करणार? चार महिने पोत्यावर बसून तिनं स्वतःच स्वतःची साक्ष पुसली होती.

दीड महिन्यानं, एका शनिवारी भर बाजारात, बेनाकडचे लोक ट्रकमधून उतरले. पुढं नवऱ्या मुलाचा चुलता यामिसो. त्याच्या अंगात कोट होता, म्हणजे काम गंभीर होतं. त्यानं कुंपणासमोर उभं राहून सांगितलं की आमच्या पोराची इज्जत इथं जाळीला टांगून विकताय, आमच्या गावात येणारी प्रत्येक तिसरी बाई आमचा अपमान पाठीवर घेऊन येते, तेव्हा ही नक्षी जिनं काढली तिच्या घराकडून आम्हाला भरपाई हवी. पाच डुकरं. नाहीतर पुढचं पुढं बघू.

शुक्रवारपर्यंत सात जणी ह्या नक्षीच्या पहिल्या मालकिणी होत्या, शनिवारी एकही नव्हती. चर्चच्या मागं बसणारी म्हणाली की ती आज फक्त भाजी घ्यायला आलीय. एस्टा सुईत धागा ओवत बसली, आणि धागा आधीच ओवलेला होता.

गडबड ऐकून डॉर्कस आली, मागून लोविसाचा नवरा गोताहा. डॉर्कसनं दीड महिना घराबाहेर तोंड काढलं नव्हतं. तिनं लोविसाकडं पाहिलं आणि ही आता बोलणार हे तिला कळलं. नक्षी कुणाची हे तशी ती पहिल्यापासून जाणून होती, पिशवी तिच्याच अंगणात आली होती की. ती वाकून पुटपुटली, “वहिनी, तोंड उघडू नकोस. कुणालाच माहीत नाही.”

“म्हणूनच उघडते, वन्सं,” लोविसा म्हणाली आणि उठून उभी राहिली. “नक्षी माझी आहे.”

यामिसोनं तिच्या जाळीकडं पाहिलं. म्हणाला की बाई, तुझ्या पिशव्यांत तर लाल पट्टाच नाही, कुणाला वाचवतेस तू? मागची माणसं हसली. कुंपणही थोडं हसलं, सुटल्यासारखं.

लोविसा म्हणाली, “सगळ्यांनी आपापल्या पिशव्या उलट्या करा.”

बायकांना कळेना. मग एकीनं केली, मग सगळ्यांनी. चाळीसेक पिशव्यांच्या पाठी उन्हात आल्या आणि बाजार बघत राहिला. एकीची पाठ कोरी, एकीवर चौकटी, एकीवर हिरवी झाडं, एस्टाच्या पाठीवर तर ‘पूल वाहून गेला’. पळणाऱ्या नवरीची मागची बाजू सगळ्यांना दिसली होती, पण पिशवीची दिसली नव्हती, ती नवरीच्या पाठीला लागून होती. लोविसानं तिन्ही पिशव्या फिरवल्या. पिवळ्या रेघा कडेला येत होत्या, वळत होत्या आणि मागच्या बाजूनं न तुटता पुढं जात होत्या. तिन्हींवर सारख्या. लाल पट्टा म्हणजे धागा संपला होता, तिनं सांगितलं. तुम्ही दीड महिना माझी चूक विणताय.

एस्टा खाली मान घालून म्हणाली, “हिचीच आहे. चार महिने पोत्यात होती, मी पाहिलीय.”

यामिसोला आता बाई सापडली होती, आणि सापडल्यावर त्याला जरा अवघडल्यासारखं झालं. लोविसानं त्याला सरळ सांगितलं की पाच डुकरांची गोष्ट विसर. नवरी मी पळवली नाही. पिशवीचं नाव मी ठेवलं नाही, ते लोकांनी ठेवलं, त्यात तुझ्या गावचेही असतील. मी फक्त रेघा ओढल्या. एवढं बोलून ती गप्प बसली असती तर एकही डुक्कर द्यावं लागलं नसतं. मागची माणसं माना डोलवत होती, यामिसोसुद्धा ट्रककडं बघायला लागला होता. गोताहानं तिचा दंड धरला, चल म्हणाला.

“पण एक डुक्कर देते,” लोविसा म्हणाली. “नक्षीचं.”

गोताहानं तिचा दंड सोडला. डॉर्कस पोत्यावर मटकन बसली.

डुक्कर पुढच्या रविवारी बेनाच्या मैदानात दिलं गेलं. चांगलं मोठं होतं. लोविसानंच तीन वर्षं रताळी उकडून घालून वाढवलेलं. तिकडं डुकरं बायका वाढवतात आणि पुरुष देतात. जन्मभर चारा घालणारीचं नाव नसतं, दोर सोडणाऱ्याचं असतं, आणि ह्याला रीत म्हणतात. दोन्हीकडची माणसं गोल बसली, कारण डुक्कर कुणी आणि कशाबद्दल दिलं ते सगळ्यांसमोर बोललं की मग कुणी विसरत नाही. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेला एक म्हातारा भाषण करायला उभा राहिला. त्यानं दोन्ही कुळांचे पूर्वज मोजले, नद्या मोजल्या, भांडणं मोजली. मग डुकराकडं हात करून मोठ्यानं म्हणाला, हे डुक्कर गोताहानं बेनाच्या लोकांना दिलंय, त्याच्या घरून निघालेल्या नक्षीबद्दल.

यामिसो पुढं होऊन दोर घ्यायला वाकला. दोर येईना. दुसरं टोक लोविसाच्या मुठीत होतं आणि तिनं ते मनगटाला दोनदा गुंडाळलेलं होतं.

“परत सांगा,” ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं गोताहाकडं पाहिलं. गोताहानं जमिनीकडं पाहिलं. डुक्कर दोघांच्या मध्ये वैतागून कुईकुई करायला लागलं. म्हातारा म्हणाला की बाई, भाषण एकदा झालं की झालं, असं मध्ये थांबवत नाहीत. लोविसा नुसती उभी राहिली, टाच जमिनीत रोवून. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी हसलं, मग कुणीतरी ओरडलं, सांगा की. बेनाकडची होती. तिच्या पाठीवर जांभळी पिशवी होती.

ऊन चढत होतं. कापायची माणसं सुऱ्या घेऊन ताटकळली होती आणि मांस भाजायच्या खड्ड्यातले दगड तापून लाल झाले होते. शेवटी डॉर्कस उठली. दीड महिना जिची मान वर झाली नव्हती ती भरल्या मैदानात म्हाताऱ्यापाशी गेली आणि म्हणाली, “काका, तिचं नाव लोविसा आहे. बाप सिंबूचा, त्याचं नाव कामा. डुक्कर तिचं, नक्षी तिची.”

म्हाताऱ्यानं घसा खाकरला. पूर्वज पुन्हा मोजले नाहीत, एवढंच. बाकी त्यानं डॉर्कसनं सांगितलं तसं, शब्दाला शब्द, दोन्ही कुळांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. लोविसानं मनगटाचा एक वेढा सोडला, आणि त्यानं नाव दुसऱ्यांदा उच्चारल्यावर दुसरा.